वहीसकट गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘सिंगल ओनर, वेल मेंटेन्ड’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतात. पहिल्या दोन शब्दांचा खरेखोटेपणा आरसी बुक उघडलं की पाच मिनिटांत कळतो. पुढच्या दोन शब्दांसाठी गाडीखाली झोपावं लागतं. पुण्यात जुन्या जर्मन गाड्यांचे व्यवहार करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. गाडी एकाच मालकाकडे राहिली म्हणून कमी झिजते, असं काही नसतं. एकाच हाताखाली पार खिळखिळी झालेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. तरीही चांगल्या एकहाती गाडीला मी जास्त किंमत सांगतो आणि ती मिळवतोही, कारण तिच्याबद्दलची सगळी माहिती एका जागी शाबूत असते. टायमिंग चेनकडे कधी पाहिलं, डावा मडगार्ड कशाने चेपला, हायवेला मागच्या काचेतून वारा का वाजतो, हे एका माणसाला ठाऊक असतं. गाडी हात बदलते तेव्हा त्यातलं निम्मं तिथेच सांडतं. पुन्हा बदलते तेव्हा उरलेल्यातलं निम्मं. चौथ्या मालकापर्यंत पोचतो तो फक्त पत्रा, इंजिन आणि नंबर प्लेट.

ही माहिती न सांडता नव्या घरी पोचवणं, हेच माझ्या लेखी विक्रीचं मुख्य काम. किंमत आणि कागद त्याच्यामागून येतात. कोल्हापूरच्या एका गडद निळ्या मर्सिडीजच्या व्यवहारात हे मला जितकं लख्ख दिसलं तितकं दुसऱ्या कुठल्याच व्यवहारात दिसलं नाही.

गाडी १९९६ ची ई २२०. गाडीवेडे लोक जिला डब्ल्यू १२४ म्हणतात, ती पिढी. मालक शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणारे, आता ऐंशीच्या पुढचे एक काका. कारखाना मुलगा बघतो, मुलगी परदेशात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी रात्रीचं ड्रायव्हिंग बंद केलं आणि काकांनी स्वतःच ठरवलं, की आता दिवसाचंही बंद. मुलाला नवी, उंच गाडी हवी होती. ही दारात नुसती उभी ठेवायची नाही, हा काकांचा हट्ट. उभ्या गाडीचे रबर कडक होतात, ब्रेक धरून बसतात, पेट्रोल शिळं होतं. ते म्हणत होते त्यात शंभर टक्के तथ्य होतं.

महाराष्ट्राचं आणि या तीन टोकांच्या चांदणीचं नातं बरंच जुनं आहे. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि टाटाच्या ट्रकांच्या तोंडावर ती चांदणी आली. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या ड्रायव्हरांनी मर्सिडीज पाहिली ती ट्रक म्हणूनच. मोटारगाड्या आल्या त्या खूप नंतर. १९९४ मध्ये मर्सिडीज कंपनी भारतात आली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात ई क्लासच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. जर्मनीत ही पिढी १९८४ च्या अखेरीस आली होती. ब्रुनो साको यांच्या हाताखाली तिचं रूप ठरलं आणि सगळ्या प्रकारांत मिळून पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. तेव्हा ही गाडी दुर्मीळ मुळीच नाही. दुर्मीळ आहे ती नीट राहिलेली. आपल्याकडे या गाड्या पुढे स्वस्तात विकल्या गेल्या, ज्यांना त्यांचा खर्च झेपत नव्हता त्यांनी घेतल्या, मिळेल तो पार्ट बसवला, आणि चांगल्या गाड्यांची माती झाली. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

काकांनी ही गाडी का घेतली, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं. शोरूममध्ये त्यांनी आधी बोनेट उघडायला लावलं होतं. २.२ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, दीडशे अश्वशक्तीचं इंजिन. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक मात्र बिडाचा. “कास्टिंग बघितलं आन् म्हटलं, ही आपली गाडी,” ते म्हणाले. “बाकी सीटबीट सगळं नंतर बघितलं.” आयुष्यभर बीड ओतणाऱ्या माणसाने ब्लॉकवर बोट फिरवून गाडी पसंत केली, ही गोष्ट मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली.

तपासणीला मी नेहमी सकाळी जातो आणि आदल्या दिवशी एकच विनंती करतो, की मी येण्याआधी गाडी सुरू करू नका. गार इंजिन खोटं बोलत नाही. मी पोचलो तेव्हा काका दारातच उभे होते. “गार हाय, हात लावून बघा,” म्हणाले. किल्ली फिरवली. या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा वेगळा काटा असतो, तीनपर्यंत आकडे असलेला. गार इंजिनाला तो झटकन तीनला जाऊन चिकटला. नंतर कागलपर्यंत हायवेने जाऊन आलो, इंजिन पुरतं तापवलं आणि आयडलला काटा बघितला: खाली येऊन दीडच्या आसपास थांबला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवताच पुन्हा तीनला. एवढ्या एका काट्यात इंजिनाची अर्धी तब्येत दिसते.

मग बाकीचं. पेंटची जाडी मोजणारं यंत्र पत्र्यावर ठेवत गेलो. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. दोनशेच्या वर गेला की तिथे पुन्हा रंग झालाय, आणि पाचशे-हजार दिसले की खाली लांबी भरली आहे हे समजायचं. सगळी गाडी मूळ रंगात, फक्त डावा पुढचा मडगार्ड पुन्हा रंगवलेला. काचांवर कोपऱ्यात बारीक खुणा असतात, त्यात वर्षाचा आकडा असतो. सगळ्या काचांचं वर्ष एकच आलं. दारांच्या खालच्या पट्ट्यांमागे जॅक लावायच्या जागा असतात, तिथे पाणी साठून या गाड्या आतून गंजतात. टोपणं काढून टॉर्च मारला, पत्रा सुका. गाडी लॉक केली की मागच्या सीटखालचा हवेचा पंप क्षणभर गुणगुणतो आणि चारही दारांची बटणं एकदम खाली जातात. पंप चालूच राहिला तर कुठेतरी नळी फुटली आहे. इथे तो लगेच थांबला. समोरच्या काचेवरचा एकुलता एक वायपर मात्र मी उगाचच दोनदा चालवून बघितला. तो फिरता फिरता आतबाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. इतकं सुंदर यंत्र गाडीच्या बाहेर, उघड्यावर चालताना दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

किलोमीटर १ लाख ३८ हजार. हा आकडा मी कुणाच्याच गाडीत लगेच मानत नाही. मीटर मागे फिरवलेला असू शकतो, आणि या पिढीत तर मीटरचं प्लॅस्टिकचं गिअर तुटून आकडा वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहतो. म्हणून ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघायची आणि ती आकड्याशी जुळते का ते ठरवायचं. मी वाकून पेडल बघतोय हे पाहून काका आत गेले आणि वह्या घेऊन आले.

लांबट, लाल कापडी पाठीच्या, फाउंड्रीत माल नोंदवायला वापरतात तशा वह्या. पहिल्या पानावर गाडी घेतल्याची तारीख आणि चासी नंबर. पुढे रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर, काम, कोणी केलं, शेरा. पेट्रोलची प्रत्येक नोंद. ऑइल दरवर्षी, गाडी कमी फिरली तरी. कूलंट ठराविक काळाने, आणि त्यात नळाचं पाणी कधीच नाही; शेऱ्यात लिहिलं होतं, ‘पाणी जड, क्षार धरतो’. वायपरच्या गिअरबॉक्सला ग्रीस. टायर १९५/६५, १५ इंची, बदलल्याच्या तारखा. नक्षी शिल्लक असतानाही जुने झाले म्हणून बदललेले. डाव्या मडगार्डची गोष्टही होती: गंगावेशीत बैलगाडीचं जू लागलं, पत्रा मुद्दाम हातोडीने काढून घेतला, लांबी भरू दिली नाही. म्हणूनच माझ्या यंत्राने तिथे फक्त जास्तीचा रंग दाखवला होता.

इंजिनाच्या वायरिंगची नोंद वाचून तर मी थांबलोच. नव्वदच्या दशकातल्या पहिल्या निम्म्यात मर्सिडीजने वापरलेल्या वायरींचं वेष्टन उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होऊन गळून पडतं. वायरी आपसांत चिकटतात, गाडी धक्के देते, कधी मधेच बंद पडते. पुष्कळ लोक मग सेन्सर बदलत बसतात, पैसे घालवतात आणि शेवटी गाडीला नावं ठेवून विकून टाकतात. काकांच्या वहीत २००४ सालची नोंद होती: ‘वायर हाताने चोळली, भुगा झाला. संपूर्ण हार्नेस बदलला.’ पुढच्या पानाला जुन्या वायरीचा एक तुकडा टाचलेला होता. अशा एका नोंदीची किंमत नवीन गिऱ्हाइकाला लगेच कळत नाही. माझं काम तिथून सुरू होतं.

काकूंनी चहा आणला आणि हसून म्हणाल्या, “मुलांच्या लसी कधी दिल्या ते विचारा, सांगता येणार नाही. गाडीचं विचारा.” काका त्यावर काही बोलले नाहीत, वही माझ्याकडे सरकवली.

मी तिथे दुपारपर्यंत बसलो आणि जे वहीत नाही ते विचारत गेलो. माणूस रोज जे करतो ते त्याला लिहिण्यासारखं वाटत नाही. ते विचारूनच काढावं लागतं. मागची उजवी काच वर करताना शेवटी बोटाने आधार द्यायचा. एसी बंद करायचा तो घर येण्याआधी थोडा वेळ, म्हणजे कुबट वास धरत नाही. पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक पावसाळ्यात रात्रभर लावून ठेवायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार बांधायचा तो सुती दोऱ्याचा. फुलवाले तारेत ओवून देतात, तार रंगावर ओरखडा काढते. कोल्हापूरचा दसरा म्हणजे छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येणार, आणि ती बघायला काका दरवर्षी जाणार. राजाराम महाराजांच्या काळातली ती गाडी, एका घराण्याकडे राहिलेली. “ती ऐंशी वर्षं टिकती, मग आपली का टिकू नये?” असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले, आणि मला ते पटलं.

आता अडचण अशी, की ‘एमएच ०९’ पासिंग दिसलं की बाहेरचं गिऱ्हाईक आधी एकच विचारतं: पुरातली तर नाही ना? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या, हे खरं आहे, त्यामुळे लोकांची शंका मी रास्त मानतो. तिला उत्तर तोंडाने द्यायचं नसतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवायचा, कारण गुंडाळलेल्या पट्ट्यात गाळाची रेघ राहतेच. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीचा खड्डा, सगळं उघडं करायचं. आणि मग वही: ‘८ ऑगस्ट २०१९. हायवे बंद. गाडी राजारामपुरीत घरीच, पाणी इकडे नाही.’

किंमतीवर आम्ही फार ताणलं नाही. नाव-गाव न कळणाऱ्या याच मॉडेलला तेव्हा जे मिळत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट मी सांगितली. मुलाला ती अशक्य वाटली. मी त्याला हिशोब मांडून दाखवला: स्वस्तातली घ्या, मग हार्नेस, डॅशबोर्ड सगळा उतरवून एसीची कॉइल, सस्पेन्शनचे बुश, पेट्रोलचे जुने रबरी पाइप, रंग. खर्च गाडीच्या किंमतीच्या पुढे जातो आणि तरी तिचा इतिहास विकत मिळत नाही. इन्शुरन्स कंपनीलाही एवढ्या जुन्या गाडीची किंमत मालकाशी बोलूनच ठरवावी लागते. तक्ता फक्त पाच वर्षांपर्यंत चालतो. मग बाजाराने तरी तक्ता का लावावा?

फोन बरेच आले. दिल्लीहून एका गृहस्थांनी न बघता टोकन पाठवायची तयारी दाखवली. त्यांना मीच सांगितलं, की पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी तिथे चालवायला बंदी आहे, नावावर होणार नाही. मुंबईच्या एका पार्टीला लग्नांसाठी भाड्याने द्यायची होती; पांढरा रंग मारणार होते. पैसे चांगले देत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि “न्हाई” एवढंच म्हणाले. अशा वेळी मालकाच्या मागे उभं राहायला दलालाचं मन घट्ट असावं लागतं, कारण आमचं कमिशन रंग बघत नाही. मी मागे उभा राहिलो, आणि तो निर्णय बरोबर होता असंच मी आजही म्हणेन.

शेवटी नाशिकहून एक जोडपं आलं. तो सातपूरला टूल रूममध्ये, ती शाळेत गणित शिकवते. मी बोनेट उघडायला गेलो तर ती म्हणाली, “आधी वही बघू का?” दोघं ओसरीवर बसली आणि पान पान वाचत गेली. तिने मधेच दोन भरण्यांमधलं अंतर आणि लिटर यांचा भागाकार करून सरासरी काढली आणि नवऱ्याला म्हणाली, “बघ, २०१४ नंतर अ‍ॅव्हरेज घसरलंय.” काका खुर्चीतून पुढे सरकले. “तेव्हा कारखान्याचं ऑफिस गावात आणलं. सिग्नलच सिग्नल. इंजिनाचा दोष न्हाई.” पुढचा तासभर माझी गरजच उरली नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण वाढत चाललंय, त्याने जुने रबरी पाइप फुगतात, तेव्हा ते आताच बदलून टाका, हे काकांनी स्वतः सांगितलं. विकणारा माणूस येणारा खर्च आपणहून सांगतो, तेव्हा घेणाऱ्याचा उरलेल्या सगळ्या बोलण्यावर विश्वास बसतो. त्या दोघांनी किंमत कमी करायला सांगितली नाही.

कागदांचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. काकांनी २०११, २०१६ आणि २०२१ ला वेळेवर केलेलं. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी कारला पाच हजार झाली होती, आयात केलेल्या गाडीला चाळीस हजार. म्हणून ही पिंपरीत जुळवलेली आहे, आयात नाही, हे आरसीवर नीट दिसतंय ना ते बघून घेतलं. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलेला होता; लोक कर्ज फेडतात आणि हे विसरतात, मग पंचवीस वर्षांनी विलीन झालेली बँक शोधत फिरावं लागतं. फॉर्म २९, फॉर्म ३०, इन्शुरन्स चौदा दिवसांत नव्या नावावर. कोरे फॉर्म सह्या करून देऊ नका, हे मी प्रत्येक विकणाऱ्याला सांगतो. रजिस्टरवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गाडी नेण्याच्या दिवशी काकांनी खोकी काढून ठेवली होती. बदललेले जुने पार्ट, प्रत्येकावर पांढऱ्या पेंटने तारीख. मूळ टेप. दुसरी किल्ली, जी कधीच वापरलेली नव्हती. मागच्या काचेखालच्या कप्प्यातली प्रथमोपचाराची पेटी. त्यांनी नाशिकच्या त्या गिऱ्हाइकाला शेजारच्या सीटवर बसवून गावाबाहेरपर्यंत स्वतः चालवत नेली आणि चढाला दुसरा गिअर कधी टाकायचा ते दाखवलं. परत येताना त्याला चालवायला दिली.

मी वह्यांच्या झेरॉक्स काढून काकांकडे ठेवल्या आणि मूळ वह्या गाडीबरोबर पाठवल्या. काकांच्या मुलाला त्या घरात ठेवायच्या होत्या. मी आग्रह धरला. वह्या गाडीबरोबरच जायला हव्यात, यावर मी आजही कुणाशी तडजोड करत नाही.

पावसाळा लागल्यावर नाशिकहून फोन आला. डावीकडे वळताना डॅशबोर्डमागून पाणी हलल्यासारखा आवाज येतो, गॅरेजवाला डॅशबोर्ड खोलायचं म्हणतोय. मी कोल्हापूरला फोन लावला. काकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “बोनेटखाली, काचेच्या पुढं पाण्याची मोरी हाय. पाला अडकतो. दारात गुलमोहर हाय का त्यांच्या? काठी घालू नका, हवा मारा.” होता, गुलमोहरच होता. हवा मारली, आवाज गेला. संध्याकाळी काकांचा मला पुन्हा फोन: ही मोरी वहीत लिहायची राहून गेली होती, आमच्याकडे झाड तोडल्यापासून तो त्रासच नव्हता, त्या बाईंना सांगा, तारीख घालून लिहून घ्यायला.